संबंध तुटला, काळजी नसावी

गोदाम पुन्हा लाल झालं होतं.

टक्केसाहेबांनी पिशवी खुर्चीला अडकवली, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. लालच. ते बटणांच्या कंपनीत अहवाल काढायचे. कुठल्या दुकानात किती बटणं गेली, चार भोकांची जास्त खपतात की दोन भोकांची, शिंप्यांनी कोणता रंग नाक मुरडून परत पाठवला, हे सगळं त्यांच्या पडद्यावर तक्त्यांतून हलत असे. आकडे यायचे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गोदामातल्या संगणकातून. ते नीट येत असले की गोदामाच्या नावाचा चौकोन हिरवा, थांबले की लाल. गेला आठवडाभर हा चौकोन घटकेत हिरवा नि घटकेत लाल होत होता. कायमचा बंद पडला असता तर निदान कुणाला बोलावून दाखवता आलं असतं. पण डॉक्टर दारात आला की ताप उतरावा, तसं कुणी बघायला आलं की तो हिरवागार होऊन बसायचा आणि माणसाची पाठ वळली की लाल व्हायचा.

टक्केसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. आयुष्यात टक्केटोणपे सगळेच खातात, हे मात्र टक्क्यांतच बोलायचे. भाजी कशी झालीय असं बायकोने विचारलं तर "मंगळवारच्यापेक्षा दहा टक्के बरी" असं उत्तर यायचं, आणि मग बुधवारी भाजीच व्हायची नाही. पण आकड्यांच्या बाबतीत माणूस चोख होता. अंदाजपंचे आकडा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता.

कंपनीच्या मालकीणबाईंना या लाल-हिरव्याचा मनस्वी कंटाळा आला होता. त्याहून जास्त कंटाळा होता तो लाल झाल्यावर पडद्यावर येणाऱ्या परक्या भाषेतल्या सूचनांचा. त्या एकदा टक्केसाहेबांच्या खुर्चीमागे येऊन म्हणाल्या, "त्याला आपल्या भाषेत बोलायला लावा. ते काय रडतंय ते मला कळलं पाहिजे. आणि रडल्याबरोबर फोनवर कळलं पाहिजे."

टक्केसाहेबांनी हे काम फार प्रेमाने केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये सूचनांचे शब्द आपल्याला हवे तसे लिहायची सोय होती. गोदामाशी असलेल्या दुव्याला काय म्हणावं यावर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. 'जोडणी' त्यांना पटेना. जोडणी नळाची होते. शेवटी त्यांनी 'संबंध' हा शब्द पक्का केला. आकडे जिथून येतात त्या संगणकाला म्हटलं 'स्थळ'. नेमके, सुटसुटीत, ऐकायला भारदस्त असे हे दोन शब्द सापडल्यावर त्यांनी स्वतःला चहा पाजला. मग संबंध तुटला तर काय म्हणायचं, पुन्हा जुळला तर काय, स्थळाची ओळख पटली नाही तर काय, अशा सगळ्या सूचना लिहून काढल्या. मालकीणबाई घाबरू नयेत म्हणून जुळल्याच्या सूचनेत 'काळजी नसावी' एवढं पदरचं घातलं.

आता हे दोन शब्द घरात त्याच वेळी दुसऱ्याच कामाला लागलेले होते, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. कारण त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं.

लेक दातांची डॉक्टर. स्वभावाने सरळ, पण पसंतीच्या बाबतीत महाकठीण. आलेल्या स्थळांपैकी कुणी फार बोलतो म्हणून, कुणी बोलतच नाही म्हणून, आणि एक जण तर दात नीट घासत नाही म्हणून तिने नापसंत केला होता. टक्केसाहेबांनी तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण आतून त्यांना घोर लागला होता. मग गोदामातला संगणक सांभाळणारा मुलगा अक्कलदाढ दाखवायला तिच्याकडे गेला. तिने ती उपटली, आणि अक्कलदाढ गेल्यावरच त्याने लग्नाला होकार दिला असं टक्केसाहेबांची बायको सगळ्यांना सांगायची. पण तेव्हापासून घरात लेकीचं हसणं ऐकू यायला लागलं होतं. स्वयंपाकघरात, जिन्यात, गच्चीवर फोन कानाला लावून ती हसत असायची. ते ऐकलं की टक्केसाहेब वाचत असलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायचे आणि त्यांना जगात काही कमी आहे असं वाटायचं नाही.

भीती होती ती व्याह्यांची. मुलाचे वडील मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि निवृत्त झाल्यावर ही सवय त्यांना कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा दारावर 'क्रुपया बेल वाजवा' अशी पाटी होती. त्यांनी बेल वाजवायच्या आधी खिशातून पेन काढून ते 'कृपया' केलं. माणूस वाईट नव्हता. पण लिहिलेल्या शब्दाचा अर्थ जेवढा असतो तेवढाच ते घेत, तसूभर कमी नाही की जास्त नाही, आणि एकदा मन दुखावलं की ते दुरुस्त करायला त्यांच्याकडे पेन नव्हतं.

लग्नाच्या बोलण्यांसाठी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचा फोनवर एक गट होता. तो व्याह्यांनीच काढला होता आणि फाफटपसारा नको म्हणून त्याचं नाव एका शब्दात ठेवलं होतं, 'संबंध'. त्यात दोन्ही आईवडील, मुलीची आत्या आणि मुलाचा मामा. मुलांना त्यात घेतलं नव्हतं. विहीणबाई त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रं टाकायच्या, म्हणून टक्केसाहेबांनी त्या गटाचा आवाज केव्हाच बंद करून टाकला होता. कार्यालयासाठी त्यांनी स्वतः दुसरा गट काढला, 'संबंध गोदाम' नावाचा, त्यात ते, मालकीणबाई आणि होणारा जावई. मग संगणकाला सांगितलं की सूचना माझ्या नावाने या गटावर पाठव. निवडायच्या चौकटीत जागा इतकी अरुंद होती की नावाचा पहिलाच शब्द दिसत होता. टक्केसाहेबांनी 'संबंध' दिसल्याबरोबर खूण केली आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम लाल झालं ते हे असं. टक्केसाहेबांनी फोन काढून 'संबंध गोदाम' पाहिला. एकही सूचना नाही. म्हणजे संबंधही बिघडलेला आणि सूचनाही बिघडलेली, असं म्हणून ते कामाला लागले.

तिकडे व्याही नाश्ता करता करता वाचत होते: "संबंध तुटला. कारण: समोरून प्रतिसाद नाही."

त्यांनी घास खाली ठेवला. पाहुण्यांच्या खोल्यांचं काय करायचं असं टक्केसाहेबांनी आदल्या दिवशी विचारलं होतं आणि त्यांचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. तेवढ्यावरून माणूस संबंध तोडतो? ते उत्तर लिहायला बसले, एका वेलांटीपाशी अडले, तोवर दुसरा संदेश आला: "संबंध पुन्हा जुळला. काळजी नसावी." व्याह्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चहा घेऊन होतो न होतो तोच पुन्हा तुटला.

टक्केसाहेब तेव्हा टेबलाखाली होते. त्यांनी वायरी काढून पुन्हा खोचल्या, संगणक बंद करून सुरू केला, मग सॉफ्टवेअरच्या सेवाकेंद्राला फोन लावला. तिथे कुणी माणूस येईपर्यंत कानात एक बासरी वाजत राहते. ती वाजत असतानाच दुसऱ्या फोनवर बायको आली. तिने लग्नाच्या बोलण्यांचा गट नुकताच उघडला होता.

"अहो, काय वाचतेय मी हे? संबंध तुटला?"

हिला हे कसं कळलं, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण एका कानात बासरी होती.

"हो," ते म्हणाले. "सकाळपासून चाललंय."

"आणि तुम्ही इतक्या थंडपणे सांगताय?"

"मग काय करू? समोरूनच काही येत नाही. मी माझ्या बाजूने सगळं करून पाहिलं. एकदा सगळं सोडून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तरी तेच."

"आणि पोरीला काय सांगायचं?"

"पोरीचा काय संबंध?"

"देवा!" एवढंच पलीकडून आलं. टक्केसाहेबांना वाटलं, बायको आपल्या काळजीत आहे, तिला धीर द्यावा.

"तू नको घाबरू," ते म्हणाले. "नाहीच जुळला तर दुसरं स्थळ आहे. मागेच बघून ठेवलंय मी. याच्यापेक्षा चाळीस टक्के वेगवान."

बायकोने फोन ठेवला. तेवढ्यात बासरी थांबली आणि सेवाकेंद्रातल्या बाई आल्या, म्हणून टक्केसाहेबांनी त्यावर फार विचार केला नाही.

पुढचं सगळं त्यांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बायकोने लेकीला फोन केला. लेकीने वडिलांना केला, तर वडिलांचा एक फोन सेवाकेंद्राशी अडकलेला आणि दुसरा ते उचलेनात. म्हणून तिने गोदामात मुलाला केला आणि विचारलं की तुझ्या घरी कुणी काही बोललं का. तो म्हणाला, कुणी काही बोललेलं नाही, मी अप्पांना विचारतो. ती बोलत होती तेवढ्या वेळात गटावर आलं, "संबंध तुटला." तिने फोन ठेवल्यावर आलं, "जुळला." मग मुलाने आपल्या वडिलांना फोन लावला.

"अप्पा, काही तुटलेलं नाही. मी आत्ताच तिच्याशी बोललो. सगळं ठीक आहे."

व्याह्यांच्या शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी आपला फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. व्याह्यांनी तो वाचला.

"तुटलाय," ते म्हणाले.

"कधी?"

"हा आत्ता. तू ठीक आहे म्हणालास त्याच वेळी."

"असं कसं होईल?"

"बाळा, तुझ्यापेक्षा तुझ्या सासऱ्याला जास्त माहिती दिसतेय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि ठेवल्याबरोबर संबंध पुन्हा जुळला.

म्हणजे झालं असं होतं की संदेश आला की घरातलं कुणीतरी घाबरून मुलाला फोन करायचं, आणि कुणी मुलाला फोन केला की नवा संदेश यायचा. मामाने केला, तुटला. विहीणबाईंनी केला, तुटला. लेकीने मध्ये आणखी एकदा केला, तेव्हा तर बराच वेळ तुटला.

सेवाकेंद्रातल्या बाई तोवर टक्केसाहेबांना धीराने समजावत होत्या. सूचना पोहोचत नाहीत ना, मग सगळ्या प्रकारच्या सूचना एकदा हाताने पाठवून बघा, कुठली अडते ते कळेल. टक्केसाहेबांना हे शास्त्रशुद्ध वाटलं. त्यांनी आपल्या हातांनी लिहिलेली एकेक सूचना निवडली आणि पाठवली. "स्थळाची ओळख पटली नाही." मग "स्थळाने दिलेली माहिती जुनी असण्याची शक्यता आहे." मग "स्थळ आवाक्याबाहेर आहे." आणि सर्वांत शेवटी, लिहिताना जिचा त्यांना विशेष अभिमान वाटला होता ती: "वाट पाहण्याची मर्यादा संपली. पर्यायी स्थळ निवडावे."

'संबंध गोदाम'वर चिटपाखरू फिरकलं नाही. टक्केसाहेबांनी सेवाकेंद्राला कळवलं की एकही सूचना पोहोचलेली नाही.

'संबंध'वर मात्र आग लागली होती. आत्या, जिला साखरपुड्यात मनासारखा मान मिळाला नव्हता, तिने लिहिलं की मी आधीपासून म्हणत होते, पण माझं ऐकतं कोण. मामाने लिहिलं की मुलाची कुठलीही माहिती जुनी नाही, जन्मतारीख जी आहे तीच आहे, ती नवीन कुठून आणायची. टक्केसाहेबांच्या बायकोने लिहिलं की मी घरातून निघाले आहे, कुणीही घाईने काही बोलू नये. व्याह्यांनी सगळ्यांत शेवटी लिहिलं: "चारही संदेश वाचले. शुद्धलेखनाची चूक नाही. अर्थ मात्र समक्ष समजून घ्यावा म्हणतो. निघत आहोत." आणि मुलाला त्यांनी निरोप दिला की हातातलं काम टाकून तडक तिकडे ये.

त्या वेळी मालकीणबाई टक्केसाहेबांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. गोदाम आता लाल झालं होतं ते हिरवं होण्याचं नाव काढत नव्हतं.

"हे आता गेलंच का?" त्यांनी विचारलं.

"आतापर्यंत जात-येत होतं," टक्केसाहेब म्हणाले. "आता शंभर टक्के गेलं."

दार उघडलं. पुढे व्याही, मागे विहीणबाई, त्यांच्या मागे धापा टाकत टक्केसाहेबांची बायको, आणि सगळ्यांत मागे लेक, दवाखान्यातला पांढरा कोट तसाच अंगावर. टक्केसाहेब उठून उभे राहिले. व्याही कार्यालय बघायला आलेत असं समजून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि बटणांचे नमुने दाखवू का म्हणून विचारलं.

"एकच विचारायला आलोय," व्याही म्हणाले. आवाज शांत होता. "संबंध आहे की नाही, ते तोंडाने सांगा. तुटला, जुळला, तुटला, जुळला. आमचा मुलगा आहे हो तो, दिव्याचं बटण नाही."

टक्केसाहेबांना काही उमजेना. बायकोने आपला फोन त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. वरून खाली येताना त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. स्वतःचे शब्द त्यांनी ओळखले. 'पर्यायी स्थळ निवडावे' पाशी आल्यावर त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. खालचा ओठ दाताखाली धरून ती उभी होती. घरातलं ते हसणं आपण आपल्या हाताने घालवलं, असं त्यांना वाटलं, आणि तेही दोन सुटसुटीत शब्दांसाठी.

"व्याहीबुवा, हे मी नाही लिहिलं," ते म्हणाले. "म्हणजे लिहिलं मीच. पण ते तुम्हाला नाही. हे यंत्र बोलतंय. गोदामाबद्दल बोलतंय."

त्यांनी सगळं सांगितलं. जोडणी, संबंध, स्थळ, अरुंद चौकट, सगळं. घाम पुसत सांगितलं. मालकीणबाईंनीही मान हलवून दुजोरा दिला. व्याह्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दोन ठिकाणी "बरोबर" म्हटलं, आणि मग ज्याची भीती होती तेच केलं. त्यांनी बारकाईने वाचलं.

"यंत्र बोलतंय हे मान्य," ते म्हणाले. "पण मी मुलाशी फोनवर बोलत होतो, तेव्हाच ते तुटला म्हणालं. मी फोन ठेवला, जुळला म्हणालं. मामा बोलला, तुटला. हिने फोन केला, तुटला. आम्ही आमच्या मुलाशी कधी बोलतो, हे तुमच्या गोदामाला कसं कळतं?"

टक्केसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. असं होण्याची शक्यता एक टक्कासुद्धा नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि व्याह्यांचं म्हणणं तर समोर फोनवर दिसत होतं. विहीणबाईंनी पदर सावरला. बायकोने डोळ्याला रुमाल लावला. आपण बोलत राहिलो तर आणखी काहीतरी तुटेल, या धास्तीने टक्केसाहेब पुन्हा चष्मा पुसू लागले.

तेवढ्यात होणारा जावई धावत आत आला. डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याने आधी लेकीकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग टक्केसाहेबांच्या मागच्या लाल पडद्याकडे. आणि पडद्याकडे पाहिल्यावर तो दारातच थबकला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"सर," तो म्हणाला. मग प्रसंग कार्यालयाचा की घरचा याचा घोळ होऊन म्हणाला, "बाबा. गोदाम लाल दिसतंय ना, ते... ते माझ्या खिशात आहे."

त्याने खिशातून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. गोदामासमोर रस्ता खोदताना इंटरनेटची तार तुटली होती. तारवाले रोज उद्या येतो म्हणत होते. मुलाने तात्पुरतं म्हणून आपल्या फोनचं इंटरनेट गोदामाच्या संगणकाला दिलं, आणि आज दुरुस्त होईल, उद्या होईल म्हणत आठवडा काढला. होणाऱ्या सासऱ्याने मालकीणबाईंपुढे आपली एवढी तारीफ केलेली, त्यांना कसं सांगणार की साधी तार जोडून घेता येत नाही. फोन जुना होता. त्यावर बोलणं सुरू झालं की इंटरनेट बंद पडायचं, बोलणं संपलं की सुरू व्हायचं. आणि आज अप्पांचा निरोप आल्यावर तो फोन खिशात टाकून तसाच निघाला, तेव्हा गोदामाचा सगळा संबंधच त्याच्याबरोबर स्कूटरवर बसून इथे आला.

सगळे टेबलावरच्या त्या फोनकडे बघायला लागले.

"म्हणजे मी फोन केला की..." लेकीने विचारलं.

"हो," मुलगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"आठवडाभर?"

"हो."

मालकीणबाई पुढे आल्या. त्यांना आता सगळं मुळापासून हवं होतं. एवढ्या वेळा फोन करायला दवाखान्यात तुला सवड कुठून मिळते, असं त्यांनी लेकीला सरळ विचारलं. लेकीने खाली मान घालून सांगितलं की दाढ काढण्याआधी हिरडीत सुई द्यावी लागते. हिरडी बधिर व्हायला थोडा वेळ जातो. त्या वेळात पेशंट काही बोलू शकत नाही, मग तेवढ्यात ती दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन मुलाशी बोलून येते.

"म्हणजे गावात कुणाची दाढ ठणकली की माझी बटणं अडतात," मालकीणबाई म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्या हसल्या तशी लेक हसली. अगदी तेच, जिन्यातलं आणि गच्चीवरचं हसणं. टक्केसाहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी जावयाच्या डोक्यावरचं हेल्मेट स्वतःच्या हाताने काढलं आणि ते कुठे ठेवावं ते न सुचून तसंच पोटाशी धरून उभे राहिले. बायको रुमालाआडून आत्याला फोन लावत होती.

व्याही मात्र अजून विचार करत होते. शब्दाचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जायची त्यांना सवय नव्हती.

"एकूण असं," ते शेवटी म्हणाले. "जिथे 'संबंध तुटला' आहे, तिथे 'मुलं बोलत आहेत' असं वाचायचं."

"असंच," टक्केसाहेब म्हणाले. "मी आत्ता लगेच बदलतो. तुम्हाला पुन्हा एकही संदेश येणार नाही."

"कशाला?" व्याही म्हणाले. त्यांनी आज पहिल्यांदाच टक्केसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "येऊ द्यात की. आमच्या घरी मुलगा काही सांगत नाही. निदान यंत्र तरी सांगेल."

मग चहा आला. मालकीणबाईंनी तारवाल्यांना स्वतः फोन केला. त्या काय बोलल्या ते बाहेर कुणाला ऐकू आलं नाही, पण तारवाले उद्या न म्हणता त्याच संध्याकाळी आले. आत्याला समजावायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी टक्केसाहेब कार्यालयात आले, तर गोदाम हिरवं. दुपारी हिरवं, चहाच्या वेळी हिरवं. तक्ते झुळझुळ हलत होते. टक्केसाहेब दिवसभर त्या चौकोनाकडे बघून खूश होत होते. संध्याकाळी निघायच्या बेतात असताना फोन वाजला. व्याही होते. आवाज दबलेला होता, शेजारी कुणी ऐकू नये असा.

"व्याहीबुवा, विचारू का नको असं झालंय," ते म्हणाले. "आज सकाळपासून संबंध एकदाही तुटला नाही. मुलांचं काही बिनसलंय का?"

टक्केसाहेब मोठ्याने हसले. तार दुरुस्त झालीय, आता मुलं कितीही बोलली तरी गोदामाला पत्ता लागायचा नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. व्याह्यांनी "असं होय" म्हटलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी फोन ठेवला.

टक्केसाहेबांनी पिशवी उचलली. हिरव्या चौकोनाकडे एकदा पाहिलं. आणि आता त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. कालच्या गोंधळानंतर दोघं एकमेकांवर चिडली असतील तर? त्याने तार तुटल्याचं तिच्यापासूनही लपवलं होतं. पिशवी खाली ठेवून त्यांनी लेकीला फोन लावला. दुसऱ्या फोनवर व्यस्त. जावयाला लावला. दुसऱ्या फोनवर व्यस्त. थोडं थांबून लेकीला पुन्हा लावला, जावयाला पुन्हा लावला. दोघंही व्यस्त.

ते खुर्चीत बसले. आयुष्यात एकही खोटा आकडा न दिलेल्या त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, फोन उघडला आणि मोठ्या माणसांच्या गटावर स्वतःच्या बोटांनी लिहिलं: "संबंध तुटला. काळजी नसावी."

व्याह्यांचं उत्तर लगेच आलं: "वाचून बरं वाटलं. असाच तुटत राहो."